साडूच्या दारातला सूर्य

...नाही नाही, तिथे नको, त्या डाव्या वायरला लावा, ती उजवी नुसती शोभेची आहे, साडूने हौसेने आणलीय, चालत नाही पण फेकवतही नाही त्याला... हां, आता बसला. हिरवा ठिपका दिसला ना? दिसणारच. साडूच्या तंबूत सगळं लागतं. आता फोन भरेपर्यंत तुम्ही काय करणार? मोकळ्या हाताने बसणार? आमच्या कुरणावर मोकळ्या हाताने कोणी बसत नाही. ही घ्या रवी. ह्या पिपात घोडीचं दूध आहे, आंबवून घुसळून त्याचं कुमिस व्हायचंय. तंबूत जो पाऊल टाकेल त्याने चार हात मारायचे, ही इथली रीत, मग तो पाहुणा असो नाहीतर प्रांताचा साहेब असो. खालून वर, पार बुडापासून. घुसळा, थांबू नका, बोलायचं काम माझं.

आणि तुम्हाला आधीच सांगतो, मी जळत नाही हां. लोक म्हणतात काल्मुरात जळतो. मी नाही जळत. मी फक्त विचारतो की सूर्य काय साडूच्या दारात उगवतो?

हा तंबू माझा नाही. माझा तो खालचा, वाटेच्या वळणावरचा, वर येताना लागला असेल तुम्हाला. हा झापारचा. झापार म्हणजे माझा साडू. माझी बुरुल थोरली आणि त्याची सैरा धाकटी, सख्ख्या बहिणी. आमच्या किर्गिझांत म्हणच आहे, साडूला साडू दिसला की डोकं खाजतं. माझं तर उन्हाळाभर खाजतंय. आत्ता तो घोड्या आणायला टेकडीपलीकडे गेलाय, म्हणून म्हटलं बोलून घ्यावं. तुम्ही विचाराल, मग बाबा, तू साडूच्या तंबूत बसून त्याचं कुमिस का राखतोयस? तेच तर सांगतोय. घुसळा तुम्ही.

तर आमचं कसं होतं... आजवर ह्या सूसामीरच्या कुरणावर कुमिस म्हटलं की बुरुलचं. दुसरं नाव नाही. तिच्याकडे तिच्या आईची साबा आहे. साबा म्हणजे घोड्याच्या कातड्याची मोठी पिशवी, त्यात कुमिस मुरतं. थोरली म्हणून बुरुलला मिळाली. सैराला काय मिळालं? हे पीप. लाकडी. बाजारातलं. पण खरं सांगू का, साबेने काय होतंय? कुमिस चढतं ते हातांनी. जितके हात लागतील तितकं ते जिभेला चावतं, नाकात जातं, म्हातारा प्यायला की गाणं म्हणतो. आणि हात माझ्याकडे यायचे, कारण तंबू वळणावर. वर येणारा दमलेला माणूस आधी माझ्या दारात. 'काल्मुरात, आहेस का रे?' की आत, की रवी हातात, दहा मिनिटं घुसळणार, एक वाटी पिणार, गावची खबर सांगणार आणि जाणार. दिवसभर राबता. मला साबेला हात लावायची गरजच पडायची नाही. मी आपला बसून 'घुसळा घुसळा' म्हणायचो. ते एक अंगवळणी पडलंय बघा, अजून सुटत नाही.

आणि दर वर्षी खाली उतरायच्या आधी मामबेत आजोबा सगळ्या तंबूंतलं कुमिस चाखतात. कुरणावरचं सगळ्यात पिकलं पान. ते ज्याला चांगलं म्हणतील ते चांगलं. आजवर ते म्हणत आलेत, बुरुलचं. पण ह्या वर्षीची गोष्ट निराळी. ह्या वर्षी त्यांच्या नातवाचं लग्न. अख्खी दरी जेवायला. आणि आजोबांनी वसंतातच जाहीर केलेलं की चाखण्यात जे पहिलं येईल तेच कुमिस लग्नात, आणि ज्याचं कुमिस त्याचं बसणं दाराच्या बरोबर समोर, मानाच्या जागी. बुरुलने तेव्हापासून साबेला जुनिपरची धुरी द्यायला सुरुवात केली होती. रोज. मला म्हणाली, 'अहो, आईची साबा आहे, लग्नाला हीच गेली पाहिजे.' मी म्हटलं, जाईल की, न जायला झालंय काय?

झालं काय, तर सूर्य.

म्हणजे वीज हो. आमच्या गावापर्यंत खांब आहेत, पण खांब गावातच दमतात, वर कुरणावर येत नाहीत. माझ्या आजोबांना सोव्हिएत काळातला एक साहेब म्हणाला होता, पुढच्या उन्हाळ्यात तुमच्याकडे दिवे. आजोबा वाट बघत गेले. मग बापाच्या वेळी एक खांब आला. एकच. तार नाही. आठ-दहा वर्षं घोड्यांनी त्याला अंग घासलं आणि मग तो पडला आणि त्याचं आम्ही जळण केलं, तेवढाच त्याचा उजेड. असं सगळं असताना ह्या वसंतात गावात एक बाई आल्या, कुठल्याशा योजनेच्या, शहरातल्या, बूट पांढरे. म्हणाल्या, 'काका, खांबांची वाट बघू नका. ऊन तुमच्याकडे ढीगभर आहे. ही सोलरची पाटी तंबूबाहेर लावा, ही बॅटरी आत ठेवा, झालं.' पण आणल्या होत्या मोजक्याच. आमच्या कुरणाच्या वाट्याला एक. मग चिठ्ठ्या टाकल्या. आणि बाई म्हणाल्या, चिठ्ठी एखाद्या विश्वासाच्या माणसाने काढावी.

आता गावात विश्वासाचा माणूस कोण? सगळे एका सुरात म्हणाले, काल्मुरात. मलाही बरं वाटलं. मी छाती काढून पुढे गेलो, टोपीत हात घातला, सबंध टोपी ढवळली, तळाची चिठ्ठी धरली, सोडली, परत धरली, काढली, उघडली. झापार.

ह्या हाताने. ह्याच. म्हणजे सांगा, ह्यात मी जळतो कुठे? दिलंच की मी त्याला. माझी चिठ्ठी त्याच टोपीत होती, माझ्या बोटांना लागलीही असेल, आणि मी ती सोडली असेन. ह्या विचाराने मला अजून झोप लागत नाही, पण जळत वगैरे नाही.

...हात थांबला तुमचा. घुसळा.

तर आलो आम्ही वर, तंबू उभे राहिले आणि साडूने पाटी लावली. ती बघा, दारातून दिसतेय, तीच. संध्याकाळी ह्याच्या तंबूत दिवा. पांढराशुभ्र. माझ्या दारातून दिसायचा. मी बुरुलला म्हटलं, डोळ्यांना वाईट असतो असला उजेड. ती म्हणाली, 'मग बघू नका ना तिकडे.' आता न बघून कसं चालेल, अंधारात उजेड दिसतोच. दुसऱ्या दिवशी साडू मला भेटायला आला, हसत. म्हणतो कसा, 'भाऊ, ऊन काय माझ्या बापाचं आहे का? तुमचा फोन, तुमची बॅटरी, काय असेल ते आणत जा.' बघा, आहे की नाही? एखाद्याने मिजास केली तर त्याला शिव्या तरी देता येतात. हा गोड बोलतो. चांगल्या माणसावर राग काढायला जागाच नसते, तो आतल्या आत साठतो.

आणि मग लोक. आधी लोक फोन भरायला काय करायचे? कोणाच्या तरी गाडीच्या बॅटरीला लावायचे, नाहीतर कोणी गावात घोड्यावर निघाला की त्याच्या खिशात चार फोन कोंबायचे. आता? माझ्या तंबूवरून सरळ वर. पलीकडच्या टेकडीवरची ती म्हातारी, गुल्झात, जिचा मुलगा कोरियात कामाला आहे, ती माझ्या दारात दर दिवशी तासभर बसायची. आता घोडं न थांबवता जाते. मी हाक मारली, 'गुल्झात मावशी, वाटीभर तरी?' तर म्हणते, 'येताना रे, येताना, फोन मेलाय, पोराचा फोन यायचाय.' आणि येताना? येताना पोट भरलेलं. पोरांना मॅच बघायचीय, वर. बायकांना मालिका बघायचीय, वर. बुरुलसुद्धा वर. मी म्हटलं, तूही? म्हणाली, 'माझी बहीण आहे, मला काय चोरी?' अहो, कुत्रा. माझा कुत्रा आल्यागेल्यावर भुंकायचा, त्याला काम उरलं नाही, तो एके दिवशी उठला आणि हळूच वर निघून गेला. तो बघा, दारात पसरलाय तोच. ये म्हटलं तर शेपूट हलवतो, उठत नाही.

पण खरी गोम कुठे आहे ते तुमच्या लक्षात आलं का? फोन भरायला वेळ लागतो. दोन तास, ढग आले तर तीन. तोवर माणूस काय करतो? तुम्ही आत्ता काय करताय? तेच. अख्खं कुरण रोज साडूच्या तंबूत बसतं आणि ह्या बाजारातल्या पिपाला घुसळतं. माझ्याकडे कोण? मी आणि बुरुल. दोघांचे चार हात, त्यातले दोन माझे, आणि मला आयुष्यभर सवय नुसतं 'घुसळा' म्हणायची. महिन्याभरात आमचं कुमिस असं झालं की मी एक वाटी प्यायलो आणि मला काहीच झालं नाही. बुरुलने माझ्या तोंडाकडे बघितलं. साबेचं तोंड बांधलं आणि बाहेर गेली.

मग मी ठरवलं. आपण पण पाटी आणायची. गावच्या बाजारात एकाकडे होती, वापरलेली, एका कोपऱ्याला तडा, पण आकाराने साडूच्या पाटीपेक्षा मोठी. त्याला एक मेंढा दिला, चांगला शेपटीला जड मेंढा. घोड्यावर बांधून आणली. वाटेत मुद्दाम वेगवेगळ्या तंबूंवरून आणली. आणि लावली. कशी लावली? आता पाटी आणली कशासाठी? दिसायला पाहिजे ना. कोणाला? साडूला. त्याचा तंबू माझ्या उत्तरेला, वर. तर मी पाटी अशी झोकात उभी केली, तोंड वर साडूकडे, घासून पुसून लख्ख, की तो सकाळी बाहेर आला की आधी माझी पाटी दिसली पाहिजे.

दिवा काही लागेना. एक दिवस गेला, दुसरा गेला. मी बॅटरीला हलवून बघितलं, वायर चाटून बघितली, त्या बाजारवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. लोक मात्र यायला लागले. मला वाटलं चला, सुरुवात झाली. पण ते आत येईनात, बाहेरच उभे राहून हसायला लागले. मग मामबेत आजोबा आले. काठी टेकत पाटीच्या पुढून बघितलं, मागून बघितलं. म्हणाले, 'काल्मुरात, ऊन कुठून येतं?' मी म्हटलं, तिकडून, दक्षिणेकडून. 'आणि झापार कुठे राहतो?' म्हटलं, तिकडे, वर. 'मग ही पाटी काय झापारवर चालते?'

हसा, हसा. सगळं कुरण हसलं, तुम्ही काय. पण हसताना हात चालू ठेवा.

आणि त्याच दुपारी कोण आलं असेल? साडू. पाना घेऊन. 'भाऊ, मी दोन मिनिटांत फिरवून देतो.' मी नको नको म्हणेपर्यंत फिरवलीसुद्धा. माझ्या तंबूत दिवा लागला. साडूच्या हाताने. बुरुल एवढी खूश झाली की तिने त्याला ताजं साय-लोणी आणि तळलेले पिठाचे बोरसोक वाढले, जे मला सणाला मिळतात. मला तो उजेड असा टोचायला लागला... तो निघून गेला, टेकडीआड झाला, आणि मी बाहेर जाऊन पाटी परत साडूकडे तोंड करून ठेवली. हो, ठेवली. उपकाराच्या उजेडात बसण्यापेक्षा आपला अंधार बरा. बुरुल दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, 'अहो, तुम्हाला दिवा नकोच होता. तुम्हाला त्याचा विझायला हवा होता.' बायको अशी बोलते बघा. आणि मी जळत नाही तर हे माझ्याबद्दल.

पण फोन तर लागतो ना माणसाला? माझी मुलगी बिश्केकला, पहिलं बाळंतपण, दिवस भरत आलेले. फोन बंद ठेवून चालेल का? मग माझा फोन कुठे भरायचा? मुकाट्याने वर. साडूकडे. रोज. म्हटलं, त्या निमित्ताने नजर तरी राहील, कोण येतं, किती बसतं, कुमिस कसं होतंय. आणि बसलं की हात? आयुष्यभर 'घुसळा घुसळा' म्हटलेला माणूस मी, दुसऱ्याच्या तंबूत मला कोण म्हणू देणार? सैराने रवी हातात दिली. आणि तुम्हाला सांगतो, मनात साठलेलं होतं ना सगळं, चिठ्ठी, कुत्रा, बोरसोक, ते सगळं त्या रवीत उतरायला लागलं. चिठ्ठी आठवली की एक हात. कुत्रा दिसला की दोन. साडू 'भाऊ, दमलात का?' म्हणाला की असे सणसणून दहा. फोन भरला तरी माझं मन भरायचं नाही. अंधार पडेपर्यंत घुसळायचो. घरी गेलो की हात एवढे दुखायचे की आमच्या साबेकडे बघायचीही इच्छा राहायची नाही. बुरुल एकटी घुसळायची.

मग आला चाखायचा दिवस. मामबेत आजोबा एकेका तंबूतून फिरले, मागे सगळं कुरण. आमच्याकडे आले. बुरुलने आईची वाटी काढली होती, जी ती एरवी काढत नाही. आजोबांनी घोट घेतला. गिळला. 'बरं आहे,' म्हणाले. बरं आहे. बुरुलच्या कुमिसला. पुढे इथे आले, ह्याच जागी बसले. घोट घेतला आणि त्यांचे डोळे मिटले. दुसरा घेतला, दाढी पुसली, आणि म्हातारा गाणं म्हणायला लागला. आमचं सगळं कुरण टाळ्या वाजवायला लागलं. आजोबा म्हणाले, 'झापार, हे कुमिस भांडतंय रे तोंडात. एवढा राग ह्याच्यात आणला कुठून? घुसळलं कोणी?' साडू खरं बोलणारा, दुसरं येत नाही त्याला. म्हणाला, 'आजोबा, हात तर सगळ्यांचेच आहेत. पण खरं कुमिस आमच्या भाऊंचं. ते रोज जीव ओतून घुसळतात. अशी माया सख्खा भाऊ करत नाही.'

आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले, कौतुकाने. मी मान खाली घालून उभा. बुरुलकडे बघायची छाती होईना. ती घरी गेली, साबा रिकामी केली, धुतली आणि वाळत घातली. हंगाम संपायच्या आधी. मी जवळ गेलो, म्हटलं, बुरुल... तर म्हणाली, 'आईची साबा लग्नाला जायची होती. तिला फक्त तुमचे हात हवे होते, आणि ते तुम्ही तिकडे दिलेत.' मग साबा उन्हात सरकवत म्हणाली, 'आजोबांनी सांगितलंय, लग्नाचं कुमिस झापारचं, पण घुसळायचं काल्मुरातनेच. जा आता. तिकडेच घुसळा.'

म्हणून मी इथे. कळलं? मानाच्या जागी कोण बसणार, साडू. पिपाला नवं रंगीत फडकं कोणाच्या, साडूच्या. आणि लष्कराच्या भाकऱ्या भाजतोय कोण?

बरं, एवढ्यावर थांबलं असतं तरी मी सोसलं असतं. पण मी इकडे आलो आणि दुसऱ्याच दिवशी बुरुलने पाना मागून नेला, स्वतः पाटी फिरवली उन्हाकडे आणि साबा परत भरली. आता आमच्या तंबूत दिवा आहे. गुल्झात मावशी परत माझ्या दारात थांबते, कारण वळणावरच फोन भरत असेल तर वर कोण चढेल? बायका तिथेच मालिका बघतात, मध्ये साबा, आणि पाळीपाळीने हात. हसण्याचे आवाज वाऱ्याबरोबर इथपर्यंत येतात. माझ्या मुलीला मुलगा झाला, तो फोनसुद्धा तिथे बुरुललाच आला, मला कळलं गुल्झात मावशीकडून. कुमिस म्हणे असं झालंय की आजोबा लपून जाऊन दोनदा पिऊन आले आणि म्हणाले, लग्नाचा निर्णय जरा घाईच झाला. मला चाखायला मिळालेलं नाही. मी इथे असतो ना.

...झाला वाटतं तुमचा फोन. काढा. खाली जाताना वळणावर उजेडाचा तंबू लागेल, माझाच तो. आत जा, वाटीभर प्या. इथलं चांगलं झालं तर नाव साडूचं होणार आणि तिथलं चांगलं झालं तर बायकोचं, त्यामुळे माझं कोणाशी भांडण नाही. फक्त परत कधी आलात तर खरं खरं सांगा, कुठलं चांगलं. मी जळत नाही हां, आपलं विचारून ठेवतो.

आणि द्या ती रवी इकडे. तुमचा हात अगदी हलका आहे. तुम्हाला कोणाचा रागच येत नाही वाटतं.